वन्स मोअर देणारा शिंपी

नरसिंहराव गेले आणि आमच्या मराठी मंडळानं शोकसभा घेतली. मंडळाचे सेक्रेटरी उपेंद्र साहेब तिथं म्हणाले की तीन वर्षांमागं बुवांचं शेवटचं मोठं गाणं बेंगळुरात झालं, पण काही अडाणी लोकांनी चपलेवरून भांडण काढून ते नासवलं. अडाणी लोक म्हणजे देवाप्पाण्णा आणि मी. म्हणून हे लिहितोय.

देवाप्पाण्णाचं शिलाईचं दुकान मल्लेश्वरमला आठव्या क्रॉसवर आहे. दुसऱ्या मशीनवर मी बसतो. आम्ही दोघं निपाणीकडचे. तरुणपणी तो नरसिंहरावांच्या नाटक कंपनीत कपडेपटावर होता. नरसिंहराव तेव्हा बायकांची कामं करायचे. त्यांच्या चोळ्या शिवायच्या, शालू नेसवायचा, आणि पडदा उघडला की गुपचूप पिटात जाऊन बसायचं. पहिला वन्स मोअर देवाप्पाण्णाचा असायचा. लोकांना वाटतं वन्स मोअर आपोआप येतो. कंपनीत काहीच आपोआप येत नव्हतं. नरसिंहरावांनी पदर उजव्या खांद्यावर ओढला की गळ्यात जोर आहे, हाळी द्यायची. पदर तसाच मांडीवर राहिला की गप्प बसायचं, आणि शेजारी कोण ओरडायला लागला तर त्यालाही बोलण्यात गुंतवायचं.

तिसरंही एक काम होतं. गाता गाता आवाज दगा देऊन गेलाच, तर देवाप्पाण्णानं उठून भांडण काढायचं. कारण ठरलेलं, चप्पल कुणी नेली. पिटात गोंधळ माजायचा, पडदा पडायचा, मालक देवाप्पाण्णाला चारचौघांत शिव्या घालून बाहेर काढायचे. लोक घरी जाऊन भांडणाची गोष्ट सांगायचे, आवाजाची नाही. हुबळीत दोनदा आणि बेळगावात एकदा त्यानं असा मार खाल्लेला. हे सगळं तो मला काजं करता करता सांगायचा.

त्रेसष्ट साली गणपतीत मंडळानं नरसिंहरावांना आणायचं ठरवलं. वय सत्तरीच्या पुढं. रविवारी दुपारी तीनला, शाळेच्या हॉलात. देवाप्पाण्णानं आठ दिवस दुसरं बोलणं काढलं नाही. गंगव्वा, त्याची बायको, म्हणाली की लग्नाला सुद्धा एवढी दाढी घोटली नव्हती. त्याला एकच पाहिजे होतं, नरसिंहरावांचे हात दिसतील अशी जागा. ते इतक्या वर्षांनी गाणार, गळ्यात काय उरलंय कोण जाणे, आणि हाळी द्यायची का नाही हे हातांवरूनच कळायचं.

हॉलात पुढं खुर्च्या, मध्ये सुतळी बांधलेली, सुतळीमागं जाजमं. खुर्च्यांवर सरकारी कारखान्यांतले इंजिनियर, संशोधन करणारे, त्यांच्या बायका, थर्मास, उशा. जाजमावर आम्ही. शिंपी, गिरणीवाले, पोस्टातले. वर्गणी मात्र दोन्हीकडं सारखी. देवाप्पाण्णा सुतळीपाशी जाऊन उपेंद्र साहेबांना म्हणाला, साहेब, स्वल्प पुढं सोडा, कडेला उभा राहतो. साहेब म्हणाले, सगळ्यांनाच पुढं बसायचंय, शिस्त नको का. मी बोलणार होतो. देवाप्पाण्णानं माझा दंड धरला आणि सरी, म्हणजे बरं, म्हणून मागं फिरला.

नरसिंहराव आले तेव्हा दोन माणसांनी त्यांना वर चढवलं. तंबोरा जुळायच्या आधीच लोक रडायला लागले. पुढचा एक गृहस्थ शेजाऱ्याला सांगत होता की हे पद त्यानं सांगलीला झाडावर बसून ऐकलं. शेजारी म्हणाला, मी तर मिरजेला, तिकीट काढून. बुवांच्या तोंडातून पहिला शब्द निघाला आणि अर्ध्या हॉलानं पुढची ओळ म्हणून टाकली. बायका मांडीवर ताल धरत होत्या, तो चुकत होता. आमच्या जाजमावरही तेच. गिरणीतला एक काळा आडदांड माणूस डोळे मिटून डोलत होता, त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मलाही भरून आलं, आणि मी ती कंपनी कधी बघितलेलीच नाही. एवढी माणसं एकदम मागं वळून बघायला लागली की आपलीही मान वळते.

खरं सांगतो, बुवांचा आवाज अर्धा उरला होता. पण ते हुशार. वरचा स्वर आला की तिथं पाऊल ठेवल्यासारखं करून खाली यायचे, आणि वरचा भाग लोक आपल्या आठवणीतून भरायचे. असं करत त्यांनी त्यांचं सगळ्यात गाजलेलं पद निभावून नेलं. शेवटच्या तानेला मात्र खरोखर वर गेले आणि सुखरूप खाली आले. मग टाळ्यांनी हॉल दणाणला. पुढच्या रांगेतून कुणी तरी वन्स मोअर ओरडलं, मग सगळेच.

देवाप्पाण्णा गुडघ्यांवर उभा राहून खुर्च्यांच्या फटीतून बघत होता. "उपरणं मांडीवर आहे," तो म्हणाला. "परसू, उपरणं मांडीवर आहे."

तो शेजारच्यांना गप्प करायला लागला, पण चारशे माणसांना कोण गप्प करणार. पदवीधर माणसं खुर्च्यांवर उभी राहून लहान पोरासारखी हट्ट करत होती. समोरचा म्हातारा दमलाय हे दिसायला डोळे लागतात, शिक्षण नाही. बुवांनी हात जोडले. लोकांनी तो विनय समजला. बुवांनी परत सुरुवात केली.

वरच्या स्वरावर आवाज फाटला. देवाप्पाण्णा म्हणतो, फाटला लिहू नको, उसवला लिही, उसवलेलं शिवता येतं. मी फाटला असंच लिहितो, कारण मी ऐकलाय. तंबोरा वाजत राहिला. मागून एकजण फिसकन हसला.

तेवढ्यात देवाप्पाण्णा सुतळी ओलांडून पुढं. उपेंद्र साहेबांची कॉलर धरून तो बोंबलला, "माझी चप्पल कुणी नेली?"

माझ्या ध्यानात यायला एक क्षण लागला. मग मीही उठलो, माझीही चप्पल गेली म्हणालो आणि रिकाम्या दोन खुर्च्या लाथेनं पाडल्या. जाजमावरचे सगळे उठून दाराकडं पळाले, कारण सगळ्यांच्याच चपला बाहेर होत्या. पायात बूट घातलेले साहेबलोकही उगाच पळाले. कार्यकर्त्यांनी आम्हाला धरलं, दोन-चार ठोसे दिले. मी एक परत दिला.

नरसिंहराव पाणी पिऊन माईकशी आले. त्यांनी एकदाच आमच्याकडं पाहिलं. म्हणाले, "त्या शिंप्याच्या तोंडाला टाका घाला आणि बाहेर बसवा." हॉल हसला. बुवांनी खालच्या पट्टीत भैरवी धरली. आम्ही ती बाहेर भिंतीला टेकून ऐकली. चांगली झाली.

माझं डोकं फिरलं होतं. मी म्हणालो, ज्याच्यासाठी मार खाल्लास त्यानंच तुझी जात काढली. देवाप्पाण्णा ओठावरचं रक्त पुसत होता. "मी शिंपी आहे हे त्यांना कुणी सांगितलं रे?" तो म्हणाला. "मालक पण हेच म्हणायचे. हुबळीला. शब्द न् शब्द."

दुसऱ्या आठवड्यात मंडळाची चिठ्ठी आली, लेखी माफी मागा नाहीतर सभासदत्व रद्द. मी म्हणालो, खरं काय ते सांगून टाक. तो म्हणाला, खरं सांगितलं तर मग भांडण कशाला काढलं. माफी मागितली नाही, कारण ती कशाची मागायची हे लिहावं लागलं असतं. दोघांचीही नावं कापली गेली. सणाला मंडळाचा मांडव शिवायचं काम असायचं, तेही गेलं.

शोकसभेला आम्हाला आत घेतलं नाही. तो खिडकीबाहेर उभा राहिला, टोपी हातात घेऊन, मी शेजारी. सहा जण बोलले. सगळ्यांनी त्या रविवारचं गाणं सांगितलं, ती तान सांगितली, चपलेचं भांडण सांगितलं. वन्स मोअरला दुसऱ्या वेळी काय झालं ते एकालाही आठवत नव्हतं.

परत येताना मी बडबडत होतो. देवाप्पाण्णानं फक्त एवढं विचारलं, सहाच्या सहा जण चपलेचंच बोलले ना, मधे मी खोकत होतो तेव्हा आवाजाचं कुणी काही म्हणालं नाही ना.

नाही म्हटलं.