ओटीतला नारळ

सातव्या महिन्यात श्यामलेच्या ओटीत आईने बाजारचा नारळ घातला, तेव्हा बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नागावात एवढी वाडी, आणि लेकीच्या ओटीला विकतचा नारळ!

"गोदावरीकाकू, माड संपावर गेले की काय?" एकीने टोमणा मारलाच.

आई ओशाळं हसली. "यांनीच आणवला."

श्यामलेला कारण ठाऊक होतं. रोगट माडाचा नारळ तिचे वडील अप्पा कधी बियाण्याला ठेवत नसत. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून त्यांनी स्वतःलाही त्या माडांत धरलं होतं. या घरचं काही तिच्या ओटीत नको, असं त्यांनी आईला बजावलं होतं. कंबरेच्या हाडात सुई घालून आतला मगज, म्हणजे मज्जा, काढला तेव्हा ते कण्हलेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, "हे पोरीकडे गेलंय का, तेवढं सांगा."

पुढच्या आठवड्यात ती तपासणीचा निकाल ऐकायला मुंबईला गेली. डॉक्टरांनी फोटो दाखवला. एका पेशीतली गुणसूत्रं कापून जोडीजोडीने चिकटवली होती.

"हाडाच्या मगजातल्या पेशींत हे एक आखूड झालंय. कातडीच्या पेशींत मात्र ते पुरतं आहे. म्हणजे जन्मतः आलेलं नाही, मुलांकडे जाणार नाही." मग आवाज उतरला. "औषधाने काही काळ आवरेल. बरं होणार नाही."

रेवसच्या लाँचने ती परतली. अप्पा पडवीत वाट बघत होते.

"दोष मागाहून, तुमच्या हाडांच्या मगजातच उपजलाय, अप्पा. माझ्यात नाही. बाळातही नाही."

"नक्की?"

"कातडीत सगळं पुरतं आहे. फोटो पाहिला मी."

"म्हणजे माड मुळातला चांगला."

"हो."

डॉक्टरांचं शेवटचं वाक्य तिच्या ओठांवर होतं. अप्पांनी ते विचारलंच नाही. त्यांनी गड्याला हाक मारली.

"नामा, विहिरीकडच्या माडावर चढ. एक नारळ काढ."

"गेल्या आठवड्याला तर बाजारातून आनलाव न्हवं?"

"तोंड नको चालवू, पाय चालव."

नामाने नारळ सोलून दिला. पाणी आहे का हे बघायला अप्पा नारळ नेहमी कानाशी हलवत. आज हलवावा लागला नाही. हात आधीच कापत होता. पाणी वाजत राहिलं. मग तो त्यांनी लेकीच्या पदरात घातला. ओटी पुरुषाने भरायची नसते, हे आई बोलली नाही.