हिरवा फुटवा

तार आली तेव्हा पितांबर फलाटावर तिसऱ्या वर्गाच्या खिडक्यांखाली पाणी वाढत होता. स्टेशनमास्तरसाहेबांनी गाडी सुटेपर्यंत कागद हातातच ठेवला. शेवटचा डबा गेल्यावर त्याला बाजूला बोलावलं.

"पितांबर, सुरतेहून आहे. तुझ्या मेहुण्याची तार."

"ऑपरेशन व्हयनं का साहेब?"

"झालं." मास्तर थांबले. "पण भिकुबाई गेली रे."

पितांबरने बादली खाली ठेवली आणि पुढची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. नंदुरबारच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा त्याला वर्षानुवर्षं पाठ होत्या.

तेरावं करून तो परत आला. रेल्वेची एक खोली. बायकोच्या, भिकुबाईच्या, लुगड्यांची पेटी, चूल, आणि रॉकेलच्या डब्यात लावलेली वेल. मागच्या मास्तरांची बदली झाली तेव्हा त्यांच्या बायकोने जाताना भिकुबाईला एक काडी दिली होती. तिची ही वेल झाली. हिरव्या पानांवर पांढरे पट्टे, पांढरे ठिपके. पहिल्यांदा पाहिली तेव्हा पितांबर म्हणाला होता, "हाई येलले रोग पडेल शे." भिकुबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. इंजिनाची काजळी रोज पानांवर बसायची, ती ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची. एकदा कुण्या गार्डाची बायको वेल पाहायला मुद्दाम दारापर्यंत आली होती. ते भिकुबाईने दोन वर्षं सगळ्यांना सांगितलं.

आता ती वेल मरू द्यायची नाही, एवढं पितांबरने ठरवलं. ऊन लागू नये म्हणून डबा आत, पेटीजवळच्या कोपऱ्यात ठेवला. पाणी घातलं. आषाढात वेलीला दोन जोमदार फुटवे आले. गर्द हिरवे, तळहाताएवढी पानं. शेतकऱ्याचा मुलगा तो, त्याला बरं वाटलं. त्याने सुतळी बांधून ते वर चढवले.

शेजारची चांदबी एकदा भाकरी घेऊन आली. तिचा नवरा सलाउद्दीन स्टेशनावर मुसलमान उतारूंच्या पाण्याला होता, पितांबर हिंदूंच्या. विहीर दोघांची एकच. चांदबी कोपऱ्याकडे पाहतच राहिली.

"भाऊ, हाई काय करी ठेवं?"

"काय व्हयनं? देखा ना भाभी, कितली जोरमा शे!"

"जोरमा? आखी हिरवी व्हई गयी!"

"हिरवी ते बरीच ना."

"या अल्ला! भिकुबाई ते हिरवा फुटवा दिसना की लगेच तोडे. त्याले जोर जास्ती, तो पांढरा पट्टानी कबरीले जगू देत नही. आनि अंधारमा ते आखीच हिरवी व्हई जाई." मग तोंडाला पदर लावून ती म्हणाली, "बाई सांगे, चांदबी, हाऊ हिरवा म्हणजे आमना घरधनी. खाई-पीसनी माजस, पन देखाले काहीच नही."

पितांबर हसला. सुरतेहून आल्यापासून पहिल्यांदाच.

"माले कधी सांगं नही तिनी."

"तुम्हीन इचारं कव्हय?"



लहानपणी गावी, कोरीटला, उभ्या पिकातलं हिरवं तोडलं म्हणून त्याने बापाचा मार खाल्ला होता. विळा घेऊन तो बराच वेळ डब्यासमोर बसला. मग दोन्ही फुटवे मुळाशी कापले. जुनी पट्टेरी पानं अंधारात आधीच गळाली होती; राहिलं ते वीतभर खोड आणि एकच पान, त्यावर बोटभर पांढरा पट्टा.

सकाळी डबा पूर्वेच्या दारात, ऊन तापलं की आत. मातीत बोट घालून पाहायचं, कोरडी लागली तरच पाणी. ते एक पान तो रोज पुसू लागला. ड्यूटीवर जाण्याआधी पेराकडे वाकून बघायचा. बाविसाव्या दिवशी पानाची सुरळी निघाली, आणि चार दिवसांनी उलगडली. अर्धं पान पांढरं, अर्धं हिरवं, मध्ये शिरेची सरळ रेघ.

पितांबरने सदऱ्याची सगळी बटणं लावली आणि मास्तरसाहेबांना बोलावून आणलं.

"वा! अशी चीज पहिल्या वर्गाच्या वेटिंग रूममध्ये पाहिजे," मास्तर म्हणाले. "साहेबलोक पाहतील. दे पाठवून."

"नही साहेब."

"का रे?"

"भिकुबाईनी येल शे ती. साहेबलोकस्ले देखनी व्हई ते त्यास्नी आठे येवो."

असं उत्तर त्याने कुठल्याच मास्तरांना नोकरीच्या एकोणीस वर्षांत दिलं नव्हतं. मास्तर हसले आणि गेले. पितांबर त्या दिवशी फलाटावर ताठ चालला.

दिवाळीला वेल दाराच्या चौकटीला लागली. पानोपान कबरी. चांदबी म्हणाली, "भाऊ, एक पेर माले द्या. लावसू मी."

"देसू ना भाभी. मास्तरनी बाईनी बी तिले दिधंच व्हतं."

चांदबीने डब्यात माती भरून ओट्यावर तयार ठेवली आहे. त्याने विळ्याला दोनदा धार लावली आहे. पेर अजून कापलेलं नाही.