कमलाकांत वकिलांची ओळख

मनकर्णा टेबलापुढं येऊन उभी राहिली, तशी कमलाकांत वकिलांनी नाकाला रुमाल लावला.

"हिला ओळखता?" नझुलाच्या, म्हणजे सरकारी जागांच्या, तहसीलदारांनी विचारलं.

"छे. असेल कोणीतरी."

अकोल्यात मोर्णेच्या काठी, सरकारी जागेवर, निजामाच्या मोगलाईतून पळून आलेली चाळीस घरं भाजी आणि फुलं पिकवत होती. निजामाचं राज्य गेलं, आता परत जा, असा हुकूम निघाला होता. त्यातही सत्तेचाळीसच्या दिवाळीआधी आलेल्यांना राहू द्यायचं, जागेचा दाखलाही द्यायचा, असं ठरलं. अट एकच. गावातल्या प्रतिष्ठिताने 'यांना तेव्हापासून ओळखतो' असं सांगायचं. प्रतिष्ठित म्हणून कमलाकांत वकिलांना खुर्ची मिळाली. सकाळपासून त्या खुर्चीनं एकालाही ओळखलं नव्हतं.

मनकर्णेला राग आला नाही, हसू आलं. जठारपेठेत यांच्याच मागच्या दारी ती रोज देवाची फुलं टाकत होती. यांच्या पत्नी अनसूयाबाई परडीवर पाणी शिंपडून ती आत नेत, आणि देवघरातून हे ओरडत, "फुलं आली का?" परडी तेवढी दिसायची यांना. देवापुढं तासभर डोळे मिटून बसणाऱ्याला ते उघडायची सवय राहिली नसेल, बिचाऱ्याला.

"मले नका ओळखू, वकीलसायेब," ती म्हणाली. "तुमच्या देवाले इचारा. सोमवारी बेल, मंगळवारी जास्वंद, कोन आनते मनून."

मागं रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

"तुमचे वडील गेले, तवा दहा दिवस सुतक होतं. बाईसायेब मने, फुलं आनू नोको. मी नाई आनले."

तहसीलदारांनी मान वर केली. "वडील कधी गेले तुमचे?"

बापाच्या मरणाची तारीख काही नाकारता येईना. "सत्तेचाळीसच्या आश्विनात. दिवाळीआधीच. पण ते साऱ्या गावाला ठाऊक आहे. ही कुठूनही ऐकून आली असेल."

"बराबर हाय," मनकर्णा म्हणाली. "दहा दिवस फुलं बंद होते, हे साऱ्या गावाले मालूम. पन साहाव्या दिवशी..."

ती थांबली. वकिलांच्या तोंडातली सुपारीही थांबली.

सहाव्या दिवशी नागपूरचे मंत्री गाडीनं येणार होते. सुतकातल्या मुलानं उंबरा ओलांडू नये, हार तर लांबच. पण त्या पहाटे मागच्या दाराआडून यांचाच आवाज आला होता. शेवंतीचा हार, हातभर लांब. ओल्या फडक्यात बांध, मूर्तिजापूरला न्यायचा आहे. आणि कुठं बोलायचं नाही. अकोल्याच्या स्टेशनावर लोक बघतील, म्हणून हा गृहस्थ बापाची राख निवते न निवते तोच दोन घटका आधीच्या स्टेशनावर जाऊन मंत्र्याच्या गळ्यात पडला होता.

"सहाव्या दिवशी काय झालं?" तहसीलदारांनी विचारलं.

"आठवलं!" वकील म्हणाले. "फुलवाली. ओळखतो की. तेव्हापासून येते. लिहा."

दाखल्यावर शिक्का पडला. मनकर्णेनं तो कमरेला खोचला आणि वकिलांच्या बरोबर समोर, खांबाला टेकून बसली.

"झालं ना तुझं काम?" वकील म्हणाले.

"झालं ना, सायेब. आता कायची घाई? बसतो जराशी."

पुढं शालिकराम आला. तो दिवाळीनंतर, संक्रांतीला आलेला. वकिलांनी त्याच्याकडं बघितलं, मग खांबाकडं.

"ओळखतो."

पार्बताबाई आली. तिलाही ओळखलं. तिच्या दोन्ही दिरांना ओळखलं. दुपार कलेपर्यंत वकिलांची ओळख इतकी वाढली, की तहसीलदारांना दौत पुन्हा भरून घ्यावी लागली.

रांगेच्या शेवटी एक माणूस राहिला. काखेत गाठोडं, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. मनकर्णेनं त्याला जन्मात पाहिलं नव्हतं.

"हा?"

वकिलांनी मानसुद्धा वर केली नाही. "याला तर फार वर्षं ओळखतो."

दाखला दोन्ही हातांत धरून तो माणूस खांबापाशी आला.

"कई आला रे बाप्पा?" मनकर्णेनं हळूच विचारलं.

"आज सकाळीच, माय."

मनकर्णा उठली. तिनं त्याच्या काखेतलं गाठोडं घेतलं आणि नदीकडं चालू लागली.