चुऱ्याशेजारची चंद्रकोर

त्या शेवटच्या दिवशीही सगळे नेहमीसारखे होते. संध्याकाळी पाच वाजता तंत्रज्ञाने माझे दार कमरेने ढकलून लावले. मी एक जुना इन्क्युबेटर आहे आणि माझे दार नुसत्या हाताला दाद देत नाही.

"उद्या सकाळी आठला बघा, मॅडम," तो म्हणाला. "चौथ्यांदा लावलंय. या वेळी तरी बघा."

मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर आणि त्याची सख्खी मुलगी. घरी ती त्याला बाबा म्हणे. इथे काहीच म्हणत नसे.

"रजिस्टरमध्ये लिहू नका म्हणजे झालं," ती मान वर न करता म्हणाली.

मित्रांनो, मी म्हणजे पत्र्याचे एक कपाट. आत जाळीचे तीन कप्पे आणि माणसाच्या अंगाइतकी ऊब. रुग्णाच्या जखमेतले, रक्तातले जंतू प्लेटवर पसरून माझ्यात ठेवतात आणि मी ते वाढवतो. नवे विद्यार्थी हसतात, "हा तर शत्रूलाच पोसतो." पोसतो. त्याची मला तिळमात्र लाज नाही. जंतू वाढल्याशिवाय ओळखू येत नाही आणि कोणते औषध त्याला मारते तेही कळत नाही. त्यासाठी प्लेटवर औषध मुरवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवतात. औषध लागू पडले तर चकतीभोवती मोकळे वर्तुळ दिसते. नाही पडले तर जंतूंची साय थेट चकतीला जाऊन भिडते.

माझ्या उमेदीच्या काळात ती वर्तुळे कोटाच्या बटणाएवढी असत. माझ्या दारातून निघालेल्या प्लेटा डॉक्टर उजेडात धरून "वा" म्हणत. पुढे वर्तुळे आकसत गेली. मग भाजलेल्यांच्या वॉर्डातून एक जंतू आला. त्याला बारा चकत्यांपैकी एकही लागू पडेना. तोवर माझ्या शेजारी आकडे दाखवणारा नवा इन्क्युबेटर येऊन बसला होता. माझ्या डोक्यावर जुन्या फाइलींचा ढीग आणि दिमतीला हा एकटा तंत्रज्ञ. "आपण दोघं एकदमच भंगारात जाऊ," तो मला म्हणायचा.

हातमोज्यांमुळे त्याच्या हातांना खाज सुटे. त्यावर तो खाजेची साधी, जुनी गोळी अर्धी करून घेई. प्रयोगशाळेत तोंडात काही घालू नये, ही पाटी त्यानेच भिंतीला ठोकलेली, आणि गोळी मोडायचा तो तिच्याच खाली. एकदा त्या हट्टी जंतूची प्लेट उघडी असताना गोळीचा चुरा आत सांडला. सकाळी पाहतो तर चुरा आणि एका निकामी ठरलेल्या अँटिबायोटिकची चकती यांच्यामध्ये मोकळी चंद्रकोर. चुऱ्याच्या पलीकडे साय, चकतीच्या पलीकडे साय. एकेकटे दोघेही बिनकामाचे.

"मधे बघ ना, पोरी."

"इथे मॅडम म्हणा. आणि गोळ्या खायच्या तर बाहेर जा. लोक म्हणतील, बापाला सगळं माफ आहे." तिने प्लेट उचलली, क्षणभर पाहिली. "नासलीय ही," म्हणाली आणि फेकायच्या डब्यात टाकली.

तो खट्टू झाला, पण हटला नाही. गाळणकागदाच्या चकत्या पाडल्या, गोळी विरघळवून त्यांत मुरवली आणि तीनदा नीट प्रयोग लावला. तीनदा चंद्रकोर आली. "जंतू औषध बाहेर उपसत असेल," तो मला सांगायचा, "आणि ही गोळी त्याचा हात धरून ठेवत असेल. मारणारा दुसराच. पण हात धरायलाही कुणी लागतं की नाही?" ऐकायला मीच होतो.

चौथ्या वेळच्या प्लेटा त्याला दिसल्या नाहीत. घरी जाऊन झोपला तो उठलाच नाही.

ती नवव्या दिवशी कामावर आली, तोवर त्या प्लेटा सुकून भेगाळल्या होत्या. त्याच दुपारी रुग्णालयाचे मोठे साहेब आले. माझ्या दारावर खडूने फुली मारत म्हणाले, "मॅडम, हे धूड आता जाऊ द्या. जागा हवीय."

"पंधरा दिवस थांबा."

"कशासाठी?"

"बाबांचं काम अर्धं राहिलंय," ती म्हणाली.

तिने गोठवून ठेवलेला तोच जंतू काढला आणि वीस प्लेटा लावल्या. सगळ्यांवर अँटिबायोटिकची चकती. तिच्या शेजारी काहींवर गोळीची चकती, काहींवर नुसता कोरा कागद, दिसायला अगदी सारखा. साफसफाईच्या मावशींनी प्लेटांची अदलाबदल करून त्यांवर नवे नंबर चिकटवले आणि कोणत्या नंबरात काय याची यादी स्वतःच्या खिशात ठेवली. दुसऱ्या सकाळी तिने साहेबांना बोलावले.

"तुम्ही वाचा."

"अहो, तुम्हीच वाचा ना. दुःखात माणसाला भिंतीवरही चेहरे दिसतात, तेव्हा..."

"म्हणूनच तुम्ही वाचा. तुमचं कुणी गेलेलं नाही."

साहेब एकेका नंबराला चंद्रकोर आहे की नाही ते वाचत गेले, मावशी यादीवर खुणा करत गेल्या. जिथे गोळी होती तिथेच चंद्रकोर होती. कोऱ्या कागदाशेजारी एकही नाही. "मी नंबरांत घोळ केला नाही हं, साहेब," मावशी म्हणाल्या. "मी चौथी पास आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "प्लेटवर झालं म्हणजे माणसात होतं असं नाही."

"नाहीच. उद्या कुणी घरी गोळ्यांची सरमिसळ केली तर पहिली मी ओरडेन. मला हे फक्त पुढच्या तपासणीला पाठवायचंय. दहा वर्षं लागतील. कदाचित हाती काहीच लागणार नाही."

"अहवालावर नाव कुणाचं घालणार?"

"पहिलं त्यांचं."

"ते डॉक्टर नव्हते."

"नव्हते. खोडून दाखवा."

साहेबांनी खोडले नाही. माझ्यावरची फुलीही पुसली नाही.

मित्रांनो, मला पुसा, मला जपा, अशी विनवणी मी करणार नाही. म्हातारपणाची दया मला नको. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका, अशाने जंतू औषधाला सरावतात आणि माझ्यातली वर्तुळे आकसतात. आणि मनासारखी न दिसणारी प्लेट फेकण्याआधी एकदा पुन्हा लावून पाहा. मग ती कुणाच्याही हातून घडलेली असो.

सगळे गेल्यावर तिने माझ्यासमोर स्टूल ओढले. त्यावर तिचा बाप बसायचा.

"बाबा," ती म्हणाली, मोठ्याने. "पहिली प्लेट नासली नव्हती. चंद्रकोर मला तेव्हाच दिसली होती. ती तुमच्या हातून निघाली, याची मला लाज वाटली."