आधी कुठे, मग कुठून

मी एक फंक्शन बोलतोय. दचकू नका! प्रोग्रामर मंडळी एखादं काम एकदाच लिहून ठेवतात आणि मग नुसतं नाव घेतलं की ते हजर होतं, तसला मी. माझं काम फायलीची नक्कल करायचं. सगळ्यांनी मिळून, फुकट वाढवलेल्या एका प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीत, म्हणजे अशा तयार कामांच्या साठ्यात, मी जन्मलो.

मला लिहिलं दादाने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मला बोलावताना आधी सांगायचं नक्कल कुठे ठेवायची, मग कुठून घ्यायची, असं त्याने ठरवलं. का? त्याला ते ऐटबाज वाटलं, दुसरं काय! कुणी चुकलं की लायब्ररी सांभाळणारी त्याची मंडळी एकच उत्तर धाडायची, "माहितीपान वाचा." खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा भारी वाटायचं.

दादाची थोरली बहीण शाळेत विज्ञान शिकवते. शाळेमागच्या तळ्यावरचे पक्षी ती सहा वर्षं रोज मोजत होती. तळं बुजवून तिथे दुकानं बांधायचं घाटत होतं आणि सोमवारच्या सुनावणीत तिच्या नोंदी हाच काय तो पुरावा होता.

शनिवारी ताईने नवी कोरी फाईल उघडली आणि नोंदी तिच्यात उतरवायला मला बोलावलं. माणूस बोलतो तसंच तिने लिहिलं, इथून तिथे. मी पक्का सांगकाम्या. कोरी फाईल उचलली आणि सहा वर्षांवर पालथी घातली.

"अरे, सगळं कोरं झालं रे!" ताई ओरडली.

"माहितीपान वाचलं असतंस तर..." दादा खुर्ची ओढत म्हणाला. "सरक जरा. पेन ड्राइव्हवर प्रत आहे ना? आत्ता आणतो."

घाईघाईत त्याने मला बोलावलं. आणि त्यानेही लिहिलं, इथून तिथे.

मी ओरडणार कसा? मला तोंडच दिलं नव्हतं. पेन ड्राइव्हही कोरा झाला.

"तूच लिहिलंयस ना हे?" ताईने विचारलं. दादाने मान वर केली नाही. मला मान असती तर मीही खालीच घातली असती.

पहिल्या चार वर्षांच्या वह्या घरात सापडल्या; पुढची दोन वर्षं ताईने थेट कॉम्प्युटरवरच लिहिली होती. रविवारभर ताई वाचत होती, दादा टाइप करत होता. सुनावणीत साहेबांनी विचारलं, "शेवटची दोन वर्षं कुठायत?" अर्धं तळं वाचलं, अर्धं बुजलं.

दादाने मंडळींना लिहिलं, "चूक वापरणाऱ्यांची नाही, आपली आहे." एक जुना गडी उखडलाच, "आता क्रम उलटा केलास तर चालू असलेले हजारो प्रोग्राम मोडतील!" तेही खरंच होतं. म्हणून मला तसंच ठेवून माझा धाकटा भाऊ आला. 'कुठून' आणि 'कुठे' हे शब्द लिहिल्याशिवाय तो जागचा हलत नाही, आणि भरलेल्या फायलीला हात लावण्याआधी विचारतो. तो सगळ्यांना देण्याआधी दादाने ताईला त्याच टेबलाशी बसवलं आणि स्वतः तोंड मिटून बघत राहिला. ताईने पहिल्याच फटक्यात नक्कल केली.

"तेव्हाच का नाही रे मला असं बसवलंस?" ती म्हणाली.

पुढच्या आवृत्तीत मला काढून टाकणार आहेत. माझी तक्रार नाही. तोवर मला बोलावूच नका, आणि बोलावलंतच तर मी आधी पडद्यावर लिहितो, "थांबा. कुठून आणि कुठे, पुन्हा एकदा बघा."

शेवटी मला तोंड मिळालं. त्या शनिवारी मिळायला हवं होतं.