कच्च्या टाक्यांची खोली

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. उभा जन्म त्यांनी लोकांची मापं घेण्यात घालवला, आणि आता लेक त्यांचंच माप घ्यायला निघाली होती. ती घरांचे आराखडे करायची. मास्तरांची डावी बाजू लुळी पडली तेव्हापासून तिचा एकच हेका: बाबा, माझ्याकडे राहायला चला. यांचंही उत्तर ठरलेलं, "माझं काही अडलेलं नाही." काठी टेकत, भिंतीला धरत, एकटेच राहायचे. हट्टी म्हणजे काय, विचारू नका!

शेवटी तिने त्यांना आपल्या ऑफिसात नेलं. "तुमच्यासाठी खोली आखलीय, नुसती बघा. नाही पटली तर पुन्हा नाव काढणार नाही."

रिकाम्या हॉलमध्ये तिने त्यांच्या डोळ्यांवर कॉम्प्युटरवरचा आराखडा खराखुरा दाखवणारा जाडजूड चष्मा चढवला, आणि काय सांगावं, समोर खोलीच उभी! खिडकी, पलंग, कोपऱ्यात त्यांचं शिलाई मशीनसुद्धा. मास्तर खूश झाले. "अगं, ही तर ट्रायल! कच्चे टाके घालून दाखवतेयस होय?"

मग गडी जो चालायला लागला! काठी लेकीच्या हातात, छाती पुढे, मान ताठ, जसं काही फोटोच काढायचाय. "हा भिंतीलगतचा कठडा कशाला? काढून टाक. मला आधार लागत नाही." पाय मात्र लटपटत होते. लेक पाठोपाठ चालत होती, मनात हिशेब मांडत. कठडा काढला तर मास्तर महिन्याभरात तिथेच आपटणार, आणि ठेवला तर खोलीत पाऊलच टाकणार नाहीत.

"बाबा," ती म्हणाली, "पोट आत ओढून माप देऊ नका."

मास्तर थबकले. हे तर त्यांचंच बोलणं. दुकानात प्रत्येक ढेरपोट्या गिऱ्हाइकाला ते सुनवायचे, "श्वास सोडा साहेब, सदरा तुम्हाला घालायचाय, आरशाला नाही."

जरा वेळाने त्यांनी श्वास सोडला. खांदे उतरले, डावा पाय रोजच्यासारखा फरफटला, आणि उजवा हात भिंतीकडे गेला. भिंत चष्म्यात होती, हॉलमध्ये कुठली असायला! हात हवेतून आरपार गेला, तोलही गेला. लेकीने झटकन खांदा पुढे केला आणि हात त्यावर टेकला.

"इथे," मास्तर म्हणाले. "कठडा इथे हवा, याच उंचीवर. आणि बाथरूमचं दार बाहेरच्या बाजूला उघडू दे. आत पडलो तर तुम्ही येणार कुठून?"

लेकीला हसू आणि रडू एकदमच आलं. "म्हणजे राहायला येताय ना?"

लेकीने मास्तरांचा चष्मा काढला. खोली गेली, हॉल पुन्हा रिकामा झाला. हात मात्र त्यांनी तिच्या खांद्यावरून काढला नाही.

"खरं माप दिलंय ना आता? दुसरी ट्रायल कधी, ते बोल."