'आ' कुणाचा

सव्वीस वर्षं मी तीच अक्षरं शिकवते आहे. अ अननसाचा, आ आईचा. घसा कोरडा पडतो, उजवा खांदा फळ्यापर्यंत जायला कुरकुरतो, आणि दरवर्षी समोर पुन्हा कोरी करकरीत पोरं. त्यांचा काही दोष नाही. पण मी दमले आहे, हे खरं.

यंदा नाकी नऊ आणले ते मुंगीनं. पाच वर्षांची. सगळ्यांच्या मागून भिंतीच्या कडेकडेनं चालते, म्हणून वर्गात तिचं नाव मुंगी पडलं. 'अ' सुरेख काढायची, 'इ'ची शेपटीसुद्धा. 'आ' म्हटलं की पाटी छातीशी धरून गप्प. हात धरून गिरवायला गेले तर मूठ आवळायची. महिनाभर नुसतं पालथ्या घड्यावर पाणी. शुक्रवारी मोठ्या बाई तपासायला येणार होत्या. सगळे स्वर आले नाहीत, तर मुंगी आणखी एक वर्ष लहान गटात.

तिची आई गेल्या वर्षी वारली, हे मला ठाऊक होतं. आठवणीनं अडत असेल म्हणून मी 'आ आगगाडीचा' करून पाहिलं. तिनं मान हलवली.

"तुम्हीच सांगितलं ना बाई, तो आईचा आहे."

गुरुवारी माझा तोल गेला. "अगं, काढ ना एकदाचा! खातोय का तो तुला?"

तिनं पाटी आणखी घट्ट धरली. "बाबा ओरडतील."

"'आ' काढला म्हणून?"

"तो आईचा आहे ना. आईच्या वस्तूंना हात लावायचा नाही."

इतकी वर्षं 'आईचा, आईचा' घोकून घेतलं, पण त्यातला 'चा' कुणी इतका खरा धरला नव्हता. आणि मी पोरीला ठोंबी समजत होते. मला लाज वाटली.

शाळा सुटल्यावर तिचे बाबा न्यायला आले, गॅरेजमधून थेट, हातांना ग्रीस. मी सगळं सांगितलं.

"बाई, दुसरं काहीतरी शिकवा की तिला," ते म्हणाले. "तेच कशाला?"

मलाही घरी जायचं होतं. 'बरं' अगदी ओठावर आलं होतं. "ती माझं नाही ऐकणार," मी म्हटलं. "तिला तुमची परवानगी हवी आहे."

त्यांनी तिच्या हातातल्या पाटीकडे पाहिलं. मग तिच्यासमोर उकिडवे बसले. "काढ."

"खरंच?"

"खरंच. आईचा तो तुझाच."

मुंगीनं जीभ बाहेर काढून 'अ' काढला, त्याला काना दिला, वर रेघ ओढली. काना जरा कलला, पण 'आ' झाला. उद्याची काळजी मिटली म्हणून मी सुस्कारा सोडला.

तिनं पाटी न्याहाळली आणि बाबांकडे पाहिलं. "मग आईचा पिवळा स्वेटरपण?"

बाबा बोटं पँटला पुसत राहिले. मला वाटलं, आता ओरडतात.

"त्याला तिचा वास आहे अजून," ते म्हणाले, मुलीला नाही, मला. "सारखा हाताळला की जाईल."

मुंगीनं ते ऐकलं होतं. "मी हात नाही लावणार," ती म्हणाली. "तुम्ही धरा. मी नुसता वास घेते."